वरच्या घळीतला बांबू

त्या दिवशी अण्णांच्या हातात कामटी मोडली. जन्मल्यापासून मी त्यांना बांबू चिरताना पाहत आले होते, पण मोडलेली कामटी कधी पाहिली नव्हती.

अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही बुरूड. बांबू चिरून टोपल्या, सुपं, परड्या विणायच्या हा घरचा धंदा. पुण्यात मंडईच्या मागच्या एका बोळात आमचं बिऱ्हाड होतं. पुढे दुकान, मागे घर आणि मधे कायम उभे करून ठेवलेले बांबू, त्यामुळे पाहुण्यांनासुद्धा घरात अंग चोरून यावं लागे. बोळात अशी पंधरा-सोळा घरं होती. महिन्यातून एकदा पश्चिमेच्या डोंगरातून ट्रक यायचा, त्यातून मानवेलाच्या मोळ्या उतरायच्या आणि वाटणी झाली की दुपारपर्यंत घराघरांतून कोयत्यांचा आवाज सुरू व्हायचा. मानवेल हा आमच्याकडचा भरीव, चिवट बांबू. त्याची ओली कामटी बोटाभोवती गुंडाळली तरी तुटत नाही.

तो माघ महिना होता. ट्रक सकाळी येऊन गेला होता. अण्णांनी नेहमीप्रमाणे पायरीवर बसून एक बांबू पायात धरला, कोयती लावली, चिरत नेला. कामटी सोलून वाकवली आणि ती काडीसारखी मोडली. त्यांनी ती बाजूला टाकली. दुसरी मोडली. दुसरा बांबू घेतला, त्याचीही मोडली. तेव्हा त्यांनी चिरलेला तुकडा नाकाशी नेला. ओल्या बांबूला हिरवा, काकडीसारखा वास असतो. याला धुळीचा वास येत होता.

"जुना माल गळ्यात मारला," ते म्हणाले.

पण बोळात सगळीकडेच कोयत्या थांबल्या होत्या. समोरच्या घरातले काका हातात मोडकी कामटी घेऊन दारात उभे होते. आई चहा घेऊन बाहेर आली आणि तिथंच थबकली. ती मोळीच्या शेंड्याकडे बघत होती. शेंड्यांना पानं नव्हती. पानांच्या जागी भाताच्या लोंब्यांसारखे वाळके, काटेरी झुबके होते.

"अहो, हे घरात नको," आई म्हणाली.

आईचं माहेरही बुरुडांचं, भोरकडचं. तिच्या आजीनं तिला लहानपणी सांगितलं होतं की एकदा कळकाला, म्हणजे जाड बांबूला, असा फुलोरा आला आणि त्या वर्षी उंदरांनी गावातलं धान्य संपवलं. आईनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. ती चहाचे कप तसेच पायरीवर ठेवून आत गेली.

मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. बोळातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी, आणि विषय घेतला होता वनस्पतिशास्त्र. अण्णांना त्याचं मोठं कौतुक नव्हतं, पण अडवलंही नव्हतं. त्या झुबक्यांकडे बघताना मला माझ्या वहीतलं एक वाक्य आठवलं. बांबू हे गवत आहे. त्याला आयुष्यात एकदाच, एका पट्ट्यातल्या सगळ्या बेटांना एकाच वेळी फुलोरा येतो आणि नंतर ती सगळी बेटं मरतात. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पेपरात लिहिलंही होतं. जो बांबू माझ्या उशाशी उभा असायचा, ज्याच्या कामट्यांवर माझी फी भरली जायची, तोच हा बांबू, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मला स्वतःचीच भीती वाटली.

मी अण्णांना ते सांगितलं.

"सगळा डोंगर? एकदम?" ते म्हणाले. "कॉलेजात बांबूही शिकवतात का? मग उद्यापासून तुझ्या कॉलेजातल्या बाईंनाच सूप विणायला बोलव."

दुसऱ्या दिवशी मी खरोखरच शेंड्याचा एक झुबका पिशवीत घालून आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंकडे नेला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, चष्मा काढला, पुन्हा लावला. "वीस वर्षं शिकवतेय हे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण पाहतेय पहिल्यांदाच. अगं, हे कुठून आणलंस?" मी म्हटलं, घरातून. पुढे काय होईल असं विचारल्यावर म्हणाल्या, "बी पडेल. ते जगेल का, नक्की सांगता येणार नाही."

रविवारी मी आणि अण्णा स्वारगेटवरून एस.टी.नं निघालो. अण्णा बांबूच्या रानात त्याआधी कधी गेले नव्हते, हेही मला त्याच दिवशी कळलं. बांबू ट्रकनं येतो, एवढीच त्यांची आणि डोंगराची ओळख होती. शेवटच्या थांब्यापासून तासभर चाललो. एका वळणावर डोंगर समोर आला आणि अण्णा थांबले.

हिरवं असं काहीच नव्हतं. पायथ्यापासून वरच्या कातळापर्यंत सगळा उतार वाळलेल्या पेंढ्याच्या रंगाचा झाला होता. बेटंच्या बेटं उभी होती, पण एकाही काठीवर पान नव्हतं. वारा आला की पानांची सळसळ होत नव्हती, नुसत्या काठ्या एकमेकींवर आपटत होत्या, कोरड्या, पोकळ आवाजात. मी पुस्तकातलं वाक्य वाचलं होतं. त्या वाक्याचा आकार एवढा असेल असं मला वाटलं नव्हतं.

जंगल खात्याचा राखणदार, म्हणजे गार्ड, तिथंच एका दगडावर बसला होता. अंगावर खाकी, पायात टायरच्या चपला, वय तिशीच्या आसपास. आम्ही कोण ते अण्णांनी सांगितलं.

"पुण्याचे बुरूड?" तो म्हणाला. "या. मयताला आल्यागत आलात, बरं केलं."

"अहो, पण सगळा?" अण्णांनी विचारलं. "कुठंतरी चार बेटं हिरवी असतील ना?"

"तीन दिस फिरतोय. न्हाई सापडलं. ह्यो डोंगर, त्यामागला डोंगर, नदीपल्याडचा. एका वयाचा हाय सगळा, एकदम चाललाय."

"मग पुन्हा कधी?"

गार्ड खाली वाकला आणि मुठीत माती घेऊन त्यानं ती पसरून दाखवली. तिच्यात गव्हापेक्षा बारीक असे काही दाणे होते. "चैत-वैशाखात बाकीचा दाणा पडंल. पावसात उगवंल. मग त्यात गुरं नको, वणवा नको, माणूस नको. समदं नीट झालं तर तोडण्याजोगता बांबू व्हायला आठ-धा वर्सं."

अण्णा खाली बसले. सावकाश नाही, एकदम. ते तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी दुसरीकडे बघत राहिले. दहा वर्षं ते मनात मोजत होते, हे मला न बघताही कळत होतं.

थोड्या वेळानं गार्ड आणखी एक गोष्ट बोलला आणि ती माझ्या कायम लक्षात राहिली. एका बेटाचा बुंधा दाखवून तो म्हणाला, "फुलोरा येनार तवा येनारच, त्याला कुनी काय करनार. पर बेटं आधीच बारीक झाली व्हती. ठेकेदार दर साली पहिल्या वर्साचा कवळा बांबू तोडून न्यायचा. मी म्हनायचो, कवळा ठेव, तिसऱ्या वर्साचा ने, बेट कवळ्यावर जगतं. तो म्हनायचा, पुन्याचा बुरूड कवळाच मागतो."

ते खरं होतं. कोवळ्या बांबूची कामटी रेशमासारखी निघते. ट्रक आला की अण्णाच सगळ्यांत आधी जाऊन कोवळ्या मोळ्या बाजूला काढत. बोळात त्यांचा हात सगळ्यांत बारीक मानला जायचा. अण्णा गार्डकडे बघत राहिले. परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून ते म्हणाले, "आम्हाला कोणी सांगितलं नाही." आणि थोड्या वेळानं, "आम्ही विचारलंही नाही."

त्या आठवड्यात बोळातले सगळे कर्ते पुरुष आमच्या दुकानापुढे जमले. अण्णांनी पाहिलं ते सांगितलं. कोणी रागावलं, कोणी हसण्यावारी नेलं, कोणी शेजारच्या जिल्ह्यातून माल आणू म्हणालं. पण शेवटी सगळे एका गोष्टीवर आले. जो बांबू मेलाय तो तरी हाताशी येऊ दे. विणायला नाही, पण शिड्यांना, मांडवाला, कुडाच्या भिंतींना चालेल. तेवढ्यावर एक-दोन वर्षं निघतील. ठेकेदारालाही तेच हवं होतं. वाळलेला बांबू उन्हाळ्यात पेटेल या भीतीनं तो काढून टाकायला परवानगीही मिळाली.

मी अण्णांना म्हटलं, थोडा तरी उभा ठेवायला हवा. का ते मला नीट सांगता येत नव्हतं. बाईंनी सांगितलेलं नव्हतं, पुस्तकात नव्हतं. गार्डनं निघताना एवढंच म्हटलं होतं की दाणा झाडाखाली पडला तर टिकतो, उघड्यावर त्याला भरवसा नाही.

"ठेवतो," अण्णा म्हणाले. "तू, मी आणि तुझी आई मग काय विणायचं ते तुझ्या बाईंना विचारून ये."

चैत्र-वैशाखात बोळातली माणसं ठेकेदाराच्या गाड्यांबरोबर डोंगरावर गेली. अण्णाही गेले. मोठा उतार त्यांनी पार मोकळा केला. गार्डनं फक्त एवढीच विनवणी केली की कातळाखाली एक अरुंद घळ आहे, तिला हात लावू नका. अण्णांनी ते मान्य केलं. त्यात शहाणपण काही नव्हतं. त्या घळीतून बांबू खाली आणायचा म्हणजे दोन खडक चढून उतरायचे, आणि त्या उन्हात तेवढी मेहनत करायची कोणाचीच तयारी नव्हती.

त्या उन्हाळ्यात मंडईत बांबूचा तांदूळ, म्हणजे फुलोऱ्यातला तोच दाणा, सालासकट विकायला आला. डोंगरातल्या बायका तो फडक्यात बांधून आणायच्या. आमचे जुने गिऱ्हाईक, फळांचे एक व्यापारी होते. त्यांचे वडील, आजोबा सगळे मंडईतलेच. त्यांना सगळी मंडई चाचा म्हणायची. आंब्याच्या पाट्या ते फक्त अण्णांकडून घेत. त्यांनी एक गोणभर बांबूचा तांदूळ घेऊन ठेवला होता, नवलाई म्हणून. अण्णा त्यांना पाट्या देता येणार नाहीत हे सांगायला गेले तेव्हा मी बरोबर होते.

"किती दिवस?" चाचांनी विचारलं.

अण्णांना दहा वर्षं म्हणवेना. "हा हंगाम जाऊ दे," ते म्हणाले.

"हा हंगाम मी कसाही काढतो," चाचा म्हणाले. "लाकडी खोक्यात घालतो आंबे. तुमच्या पाटीत आंब्याला वारा लागतो, खोक्यात तो घामेजतो. पण काढतो."

अण्णा खोटं बोलले होते आणि दोघांनाही ते माहीत होतं.

मे संपता संपता वळीव आला, आणि तो नेहमीच्यासारखा तासाभराचा नव्हता. तीन-चार दिवस रोज दुपारी कोसळत होता. मंडईच्या आवारात घोटाभर पाणी साचलं. आठवडाभरानं गार्डचं पोस्टकार्ड आलं. अक्षर वेडंवाकडं होतं. उगवलंय, येऊन बघा, एवढंच लिहिलं होतं.

आम्ही दोघं लगेच गेलो. ज्या उताराचं मयत आम्ही पाहून आलो होतो तो सगळा हिरवा झाला होता. गुडघे टेकून बघितलं तर टाचणीएवढी पाती, एकेका वितीत शंभर-शंभर. अण्णांनी चपला काढून हातात घेतल्या. कुठं पाऊल ठेवावं तेच त्यांना कळेना. ते एका दगडावरून दुसऱ्या दगडावर पाय टाकत चालले होते, पन्नाशी उलटलेला माणूस, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी आधी पाहिलं नव्हतं. "एवढा?" ते सारखं म्हणत होते. "एवढा?"

गार्ड मात्र आभाळाकडे बघत होता. "लवकर उगवला," तो म्हणाला. "आता पाऊस थांबायला नको."

पाऊस थांबला. मृग कोरडा गेला. पुण्यात आम्ही रोज सकाळी पायरीवर येऊन पश्चिमेकडे बघायचो. ढग यायचे आणि तसेच पुढे जायचे. ऊन वैशाखासारखं तापत होतं. नळाला एक वेळ पाणी येऊ लागलं. आई म्हणायची, येईल, आर्द्रा आहेत अजून. आर्द्रात चार थेंब पडले. वळवानंतर पाच आठवडे झाले तरी खरा पाऊस नव्हता. बोळातली म्हातारी माणसं सांगत, आमच्या वेळी उघाडी असायची ती आठ-दहा दिवसांची, एवढी नाही. मी ते तेव्हा म्हाताऱ्यांचं बोलणं म्हणून सोडून दिलं. आता तसं करणार नाही.

आषाढाच्या तोंडाशी पाऊस एकदाचा लागला आणि त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही डोंगरावर गेलो. अण्णांनी बरोबर गूळ-पोळी घेतली होती, गार्डला द्यायला. मनातून ते खूश होते. पाऊस लागला होता ना.

उतार तपकिरी होता. मी आधी ते ओल्या मातीचा रंग समजले. मग खाली वाकले. ती सगळी पाती होती, उन्हानं करपून दोऱ्यासारखी झालेली, आणि पावसानं ती मातीत चिकटून बसली होती. मी इकडून तिकडून उकरून पाहिलं. मुळंसुद्धा वाळली होती. न उगवलेला दाणा कुठं असेल म्हणून शोधला, तर बहुतेक उगवून गेला होता आणि उरलेला उंदरांनी खाल्ला होता. बिळं दिसत होती. एका पावसानं तो उगवला, उन्हानं मारला आणि दुसरा पाऊस पोचेपर्यंत जगायला तिथं काही शिल्लक नव्हतं. शेकडो वर्षं डोंगरावर टिकलेली गोष्ट पाच आठवड्यांत संपू शकते, हे मी डोळ्यांनी बघत होते आणि मला ते पटत नव्हतं. मी रडले नाही. माझं डोकंच चालेनासं झालं होतं.

अण्णा गूळ-पोळीची पिशवी हातात घेऊन नुसते उभे होते.

गार्ड वरून हाका मारत होता. आम्ही दोन खडक चढून घळीत गेलो. तिथं वाळलेले बांबू अजून उभे होते, निम्मे एकमेकांवर कलंडलेले. त्यांच्या खाली अर्धवट सावली होती, वाळक्या पाल्याचा जाड थर होता, आणि त्या थरातून करंगळीएवढी हिरवी रोपं वर आली होती. दाट नव्हती, पण होती. मी पाला बाजूला केला. खालची माती थंड लागली.

"मेलेल्यांनी सावली धरली," गार्ड म्हणाला.

अण्णा रोपांपाशी उकिडवे बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी आळस केला म्हणून एवढं वाचलं." त्यांच्या आवाजात उपहास नव्हता. "त्या उन्हात खडक चढायचा कंटाळा केला नसता तर हेही नेलं असतं मी."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. पुण्याला परत आल्यावर ते सरळ चाचांकडे गेले आणि ती गोण मागितली. चाचांनी त्यातला थोडासाच शिजवून खाल्ला होता. बाकीचा तसाच होता. "न्या," ते म्हणाले. "कोणाला आवडला नाही तसा." मग अण्णांनी पहिल्या ट्रकमधला तो मोडणारा बांबू बाहेर काढला. तो तीन-चार दिवस पाण्यात भिजत ठेवला की जेमतेम वाकायचा. त्याच्या जाड पट्ट्यांच्या ते वीतभर उंचीच्या ओबडधोबड टोपल्या विणू लागले. ज्यांच्या सुपातून पाणी गळत नाही असं लोक म्हणायचे, त्यांच्या त्या टोपल्या बघून समोरचे काका हसले. "डोळे गेले का अण्णा?"

"रोपं लावायला आहेत," अण्णा म्हणाले. "टोपलीसकट मातीत पुरायच्या. कुजल्या तर बरंच."

आईनं आणि मी मिळून त्यांत माती भरली. आमच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली आणि न्हाणीघराच्या भिंतीलगत दीड-दोनशे टोपल्या मावल्या. फुलोरा आलेला बांबू घरात नको म्हणणारी आई रोज सकाळी त्याच्या रोपांना चुळकाभर पाणी घालायची. निम्म्याहून कमी दाणे उगवले. पुढच्या पावसाळ्यात, खरा पाऊस लागल्यावरच, ती रोपं एस.टी.च्या टपावरून नेऊन आम्ही घळीत आणि घळीच्या कडेच्या झाडांच्या सावलीत लावली. गार्डनं गावात घरोघर फिरून गुरं तिकडे न सोडायचं कबूल करून घेतलं होतं. ते लोकांनी सगळी वर्षं पाळलं असं नाही, पण बरंच पाळलं.

मधली वर्षं कठीण गेली. बोळातली निम्मी घरं धंद्यातून उठली. कोणी रंगकामाला गेलं, कोणी खडकीला कारखान्यात हंगामी लागलं. अण्णा कोथरूडला नव्यानं झालेल्या एका सोसायटीत राखणदार झाले. गेटवर खुर्ची टाकून बसत आणि आल्यागेल्याला नाव विचारत. "आता मीही गार्डच," ते म्हणायचे. मी शाळेत शिकवायला लागले. दर उन्हाळ्यात घळीभोवतीचं गवत काढून वणवा अडवायला गार्ड पट्टा करायचा, तेव्हा अण्णा रजा काढून जायचे. दोघं काय बोलायचे मला माहीत नाही. गार्ड एकदा म्हणाला, "तुमचे वडील बोलत न्हाईत. बेटं मोजत्यात."

अकराव्या वर्षी गार्डनं निरोप पाठवला. आता तोडा. मीही गेले. अण्णांनी कोयती हातात घेतली आणि ते एका बेटापासून दुसऱ्या बेटाकडे फिरत राहिले. प्रत्येक काठीला हात लावून तिचं वय बघायचे. कोवळी असेल तर पुढे जायचे. दुपारपर्यंत त्यांनी अकरा काठ्या तोडल्या.

पुण्यात बोळातल्या उरलेल्या घरांनी त्या बघायला गर्दी केली. कामटी निघाली, बोटाभोवती गुंडाळली, तुटली नाही. अण्णांनी त्यातून आंब्याच्या सहा पाट्या विणल्या आणि आम्ही त्या चाचांकडे नेल्या. चाचा आता गादीवर मागे टेकून बसत, गल्ला त्यांचा मुलगा बघायचा. दुकानात छतापर्यंत प्लॅस्टिकचे क्रेट रचलेले होते, एकावर एक चपखल बसणारे. चाचांनी पाटी मांडीवर घेतली, वीण बघितली, आतून हात फिरवला.

"अण्णा, पाटी तीच आहे," ते म्हणाले. "पण मी ठेवू कुठं? गाडीवाला क्रेटशिवाय माल घेत नाही. तुम्ही एक हंगाम म्हणाला होता."

अण्णांनी मान हलवली. आम्ही परत निघालो तेव्हा चाचांनी एक पाटी ठेवून घेतली, घरी कांदे ठेवायला. मंडईतून चालताना मी अण्णांच्या मागे होते. बांबू परत आणायला दहा वर्षं लागली होती आणि तेवढ्यात त्याची गरजच संपली होती. मला हे आधी सुचायला हवं होतं. मी शिकलेली होते.

"वाईट वाटलं?" घरी आल्यावर मी विचारलं.

"वाटलं," ते म्हणाले. मग उरलेल्या पाट्या त्यांनी घरातच रचल्या. "पण बांबूनं मला पाटीसाठी जगतो असं कधी सांगितलं नव्हतं."

पुढची चौदा वर्षं ते जमेल तसं डोंगरावर जात राहिले. सुपं विणली, मागतील त्यांना दिली. रोपांच्या टोपल्या शेवटपर्यंत विणल्या. त्यांच्यानंतर मी जाते, वर्षातून दोनदा. तो गार्ड निवृत्त होऊन त्याच्या गावी असतो, त्याला आता चालवत नाही. मोकळा केलेला मोठा उतार पुन्हा बांबूचा झाला नाही. त्यावर घाणेरीची झुडपं माजली आहेत, ती दर उन्हाळ्यात पेटतात आणि हल्ली माघातच पेटतात. कडेकडेनं घळीतला बांबू चार-पाच वाव, म्हणजे पंचवीस-तीस फूट, पुढे सरकलाय, तेवढंच. पावसातली उघाड कधी तीन आठवडे असते, कधी सहा. मोजणारी मी एकटी नाही आता, वर्तमानपत्रंही मोजतात, पण धसका अजून गेलेला नाही.

गेल्या वर्षी तिथं एक नवा गार्ड भेटला, पंचविशीतला, पदवीधर. मी त्याला सगळं सांगितलं. फुलोरा आला की मेलेला बांबू सगळा एकदम काढायचा नाही, पट्ट्यापट्ट्यानं काढायचा, मधे सावली ठेवायची. वणवा अडवायला गवताचे पट्टे आधी साफ करून घ्यायचे. सगळं बी एकाच पावसावर सोडायचं नाही, थोडं जपून ठेवायचं. तो मोबाइलवर लिहून घेत होता.

"मॅडम, पण पुढचा फुलोरा कधी?"

"नक्की कोणालाच सांगता येत नाही," मी म्हटलं. "पण चाळीस-पन्नास वर्षांनी येतो, म्हणजे तुमच्या नोकरीत येईल. मी तेव्हा असेनच असं नाही."

त्यानं लिहिणं थांबवून डोंगराकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला दिसला, आणि मी त्याला धीर दिला नाही. मी त्याला म्हटलं, चला, घळ दाखवते, आणि आम्ही दोघं खडक चढायला लागलो.